नलूबाईचं फिरतं पाणी

गिट्टीत उगवलेला पालक मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच बोट आत घातलं. खाली कुठेतरी माती असणारच, पाहुण्यांना दाखवायला वरून गिट्टी पसरली असेल, अशी माझी खात्री होती. बोट दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. गिट्टी, पाणी आणि पांढरी मुळं, तान्ह्या मुलाच्या जावळासारखी मऊ. माती नव्हतीच. चाळीस वर्षं मी काळ्या मातीत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली. मातीशिवाय रोप उभं राहतं असं कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही. पायातल्या चपला काढाव्यात असं वाटलं.

"काय सापडलं, भाऊ?"

मागे नलूबाई उभी होती. हाताला कणीक, कपाळावर घाम. मी बोट धोतराला पुसलं.

"माती पाहून राह्यलो होतो."

"मीबी पाह्यली होती पहिल्या दिवशी," ती म्हणाली. "मले तं कोपरापर्यंत हात घालून पाहा लागलं. तुमी हुशार, एका बोटात समजले."

ही नलूबाई आमच्या उभारी बालगृहाची स्वयंपाकीण. बालगृहाला आता पंचवीस वर्षं होत आहेत आणि स्मरणिकेसाठी तिच्याविषयी कोणीतरी लिहावं असं ठरलं. तिला विचारलं तर ती म्हणते, "माह्याबद्दल काय लिहिता, भाजीबद्दल लिहा." म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी आयुष्यात अर्ज आणि कोठीच्या नोंदी सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहितो.

आमचं बालगृह कळंबच्या अलीकडे, यवतमाळच्या रस्त्यावरून दोन किलोमीटर आत. दोन हजार अकरा साली मी शेतीच्या जोडीनं धरलेल्या जिनिंगच्या नोकरीतून सुटलो आणि इथे कोठीची किल्ली सांभाळायला आलो, तेव्हा मुलं वीस होती. कापसाचे ते पडते दिवस. दोन वर्षांत मुलं बत्तीस झाली. कोणाचा बाप नव्हता, कोणाची आई सरकी लावायला, कापूस वेचायला गावोगाव फिरत होती. सगळ्यांना पोटभर मिळत होतं, पण भात, वरण, बटाटा आणि पुन्हा बटाटा. बालगृहाच्या मागे पालेभाज्यांचे चार वाफे होते. होळी झाली की विहीर दिवसाला अर्धा तास पाणी द्यायची आणि वाफे करपायचे. मृग लागेपर्यंत ताटात हिरवं काही दिसत नसे. मुलांच्या ओठांचे कोपरे फाटायचे. खुशी नावाची सात वर्षांची मुलगी आणि तिच्याहून लहान एक मुलगा, दोघं दिवेलागणीला भिंतीला हात लावून चालायची. डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, औषध देतो, पण यांना रोज हिरवी भाजी द्या. ते म्हणाले तेव्हा एप्रिल चालू होता.

त्याच उन्हाळ्यात राजदीप आला. यवतमाळचाच मुलगा, पुण्याला इंजिनिअर. आपल्या चार मित्रांना घेऊन त्याने बालगृहाच्या मागच्या अंगणात एक सिमेंटचा हौद बांधला, वर हिरवी जाळी ताणली आणि हौदाच्या कडेला पत्र्याच्या दोन लांब डोण्या उंचावर बसवल्या. डोण्यांत गिट्टी भरली. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात, असं त्याने आम्हाला समोर बसवून समजावलं. हौदात मासे सोडायचे. माशांच्या घाणीनं पाणी खराब होतं. ते पाणी पंपानं डोण्यांत चढवायचं. गिट्टीत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात, ते त्या घाणीचं खत करतात. ते खत भाजी खाते आणि चोख झालेलं पाणी पुन्हा माशांकडे उतरतं. तेच पाणी फिरत राहतं. ऊन जेवढं पिईल तेवढंच वरून घालायचं.

मला काही समजलं नाही. गिट्टीखाली माती घालणारच असतील असं धरून मी मान हलवली. नलूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हंजे गिट्टीले इरजण लागते," ती म्हणाली. "दुधाचं दही होते तसं. अन् इरजण मोडलं का सारं नासलं."

राजदीप बोलायचा थांबला. त्याने खिशातून वही काढली आणि ते वाक्य लिहून घेतलं.

अडचण निघाली ती पुंडलिकरावांकडून. पुंडलिकराव आमच्या मंडळाचे अध्यक्ष. बालगृहाची जागा त्यांनीच दिलेली. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. ते हौदापाशी आले, आत फिरणारी चिलापीची पिल्लं पाहिली आणि दोन पावलं मागे सरले.

"मासे? लेकरांच्या घरात?"

"खायचे नाईत, दादा," नलूबाई म्हणाली. "पाळायचे."

"तू भोयाची पोरगी. बेंबळ्याच्या पाण्यावर वाढली. तू मासा पाळशीन, खाशीन नाही?"

"खाईन ना, लेकीकडे जाईन तवा खाईन. इथं मी त्याइच्याकडे मासा म्हणून पाहातच नाई. गाय म्हणून पाह्यते."

"गाय?"

"शेण टाकते ना भाजीले!"

मंडळाचे बाकीचे सभासद हसले. पुंडलिकरावांनाही हसू आवरलं नाही, पण ते लगेच गंभीर झाले. "ठीक आहे," ते म्हणाले. "पण या आवारात जीव मरता कामा नये. ज्या दिवशी हे मासे मरायला लागतील त्या दिवशी हौद बुजवायचा. हे पाप मी लेकरांच्या अन्नात येऊ देणार नाही." नलूबाई म्हणाली, "कबूल." राजदीपचं तोंड पडलं. नव्या हौदात मासे मरतातच, असं त्याने मला नंतर बाजूला घेऊन सांगितलं.

पण वर्षभरात एक मासा मेला नाही.

हे कसं झालं ते मी रोज पाहत होतो, तरी मला नीट सांगता येणार नाही. सकाळी चूल पेटवायच्या आधी नलूबाई हौदाच्या कठड्यावर बसायची. पाण्यात हात घालायची, बोटं नाकाशी न्यायची, मासे कोणत्या कोपऱ्यात आहेत ते बघायची आणि मग ढेपेचा, म्हणजे सरकीच्या पेंडीचा, भुगा किती टाकायचा ते ठरवायची. राजदीपनं पाणी तपासायच्या रंगीत पट्ट्या दिल्या होत्या. ती आधी सांगायची आणि मग मी पट्टी बुडवायचो. पट्टीचा रंग तिच्याच बाजूनं निघायचा. वीज गेली की मुलं बादल्यांनी पाणी डोण्यांत चढवायची, त्याची पाळी तिनं लावून दिली होती. मेथी, पालक, चवळी, सांबार म्हणजे कोथिंबीर. उन्हाळा आला, विहीर अर्ध्या तासावर आली, बाहेर रान पिवळं पडलं, आणि जाळीखाली हिरवं इतकं की डोळ्यांना थंडावा वाटावा. दुपारी बाकी आवार सामसूम असायचं आणि डोण्यांतून हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत राहायचा. मी कोठीतलं काम टाकून तो ऐकत बसायचो.

मुलांचे ओठ भरले. खुशी दिवेलागणीला आवारात पळताना दिसली, तेव्हा मी तिला काही म्हटलं नाही. नजर लागेल अशी भीती वाटली. त्या लहान मुलाचंही भिंत धरून चालणं थांबलं.

आणि मग जे झालं ते माझ्या हातून झालं.

दोन हजार चौदाचा एप्रिल. नलूबाईच्या मुलीला, दीपाला, यवतमाळला मुलगा झाला होता. बारशाला नलूबाई तीन दिवसांसाठी गेली. जाताना मला म्हणाली, "ढेप चिमूटभरच टाकजा. वीज गेली तं पोट्टे हायेतच. बाकी कशाले हात लावू नका, भाऊ. त्याचं थे पाहून घेते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला चवळीवर मावा दिसला. कोवळी पानं खाली वळलेली, मागच्या बाजूला काळे ठिपके, बोट लावलं तर चिकट. ज्यानं पऱ्हाटी केली आहे त्याला मी काय सांगू? मावा दिसला की हात आपोआप पंपाकडे जातो. त्याला विचार करणं म्हणत नाहीत. तहान लागली की माठाकडे जावं तसं ते आहे.

एवढं मात्र मला समजत होतं की इथे औषध मारायचं नाही. मुलं खातात आणि खाली मासे आहेत. म्हणून मी साठवलेल्या निंबोळ्या कुटून अर्क काढला, गाळला, थोडा साबण मिसळला. पाठीवरचा फवारणीचा पंप घरी पडून होता तो आणला. तीनदा धुतला. साबणानं, मग साध्या पाण्यानं, मग पुन्हा साबणानं. उन्हात वाळवला. नाक लावून पाहिलं, वास नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक डोणी नीट फवारली, पानाच्या मागूनही. नलूबाई येईल आणि चवळी स्वच्छ पाहील म्हणून मी खूश होतो. हे लिहायला आजही लाज वाटते.

सकाळी साडेसहाला मी गेलो तेव्हा सगळे मासे वर आले होते. तोंड उघडं ठेवून पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटलेले. काही कुशीवर होऊन गोल फिरत होते. तीन-चार उताणे. मी ढेप टाकून पाहिली, कोणी तोंड लावलं नाही. मी हौदाभोवती दोन चकरा मारल्या. काय करायचं ते सुचेना. मुलं उठून गोळा झाली. रविवार होता.

पहिल्या एसटीनं नलूबाई आली. फाटकातूनच तिनं मुलांची गर्दी पाहिली. पिशवी तिथेच टाकली. कठड्यावर बसून पाण्यात हात घातला, बोटं नाकाशी नेली, मग उठून चवळीचं पान उलटं करून पाहिलं.

"कोनं फवारलं?"

मुलं माझ्याकडे पाहू लागली.

"आबाजीनं," खुशी म्हणाली. "काल. पंपानं."

"निंबाचं पाणी होतं, नलूबाई," मी म्हणालो. "औषध नाही. देवाशपथ."

"पंप कोनता?"

"घरचा."

"पऱ्हाटीचा?"

"तीनदा धुतला होता."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "भाऊ," ती म्हणाली, "वीस साल जेनं जहर पेलं तो पंप तीन येळा धुतल्यानं सोवळा होते का?" आणि लगेच वळली. "चला. हौदाची मोटर बंद करा. हे पाणी आता फिरू देऊ नका."

तिथून पुढचं मी जसं पाहिलं तसं सांगतो.

आवारात चांगलं पाणी एकाच ठिकाणी होतं, छतावरच्या टाकीत. ते मुलांचं पिण्याचं. नलूबाईनं मुलांना समोर उभं केलं. "टाकीतलं पाणी माशाइले देऊन राह्यली मी. आज प्याले तांड्यावरच्या हापशीचं पाणी आनावं लागन. कबूल हाय का?" मुलं एकदम "हो" म्हणाली. मोठी मुलं बादल्या घेऊन शेजारच्या बंजारा तांड्याकडे पळाली. तांड्यावरच्या लालीबाईनं हापशीवरची रांग थांबवून आमच्या मुलांना आधी पाणी भरू दिलं, हे मला मागून समजलं.

स्वयंपाकघरातलं प्रत्येक मोठं भांडं बाहेर आलं. भाताचे गंज, वरणाची पातेली, लग्नकार्यासाठी ठेवलेली दोन मोठी भगुणी, आंघोळीचे टब. छतावरून नळी सोडून सगळी भरली. मी घाईनं मासे काढायला वाकलो, तर तिनं माझा हात धरला.

"आधी एक."

तिनं एक मासा बादलीत सोडला आणि उकिडवी बसून पाहत राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो. मासा आधी कुशीवर पडला, मग त्यानं शेपूट हलवलं, मग सरळ झाला. "चालते," ती म्हणाली. जुन्या लुगड्याची दोन टोकं मुलींनी धरली, हौदात बुडवून वर उचलली, आणि एकेक करून मासे भांड्यांत गेले. जे गेले होते ते मी ओल्या पोत्यावर ठेवत गेलो. पोतं भरत चाललं होतं.

"आता आयका," ती मुलांना म्हणाली. "एकेका भांड्यात मासे लय झाले. मोटर नाई, पानी फिरत नाई. उभ्या पान्यात याइचा जीव घुसमटन. म्हणून थापट्या मारायच्या. असं." तिनं तळहात थोडा खोलगट केला आणि पाण्यावर मारला. जोरात नाही, हळूही नाही. पाण्यावर पांढरे बुडबुडे उठले आणि आत गेले. पुन्हा मारला. पुन्हा. "हवा आत गेली पाह्यजे. अन् हात थांबला नाई पाह्यजे. दमलं का दुसऱ्यानं बसायचं, पन आधी त्याचा हात सुरू व्हावा, मंग याचा थांबावा."

चौदा भांडी आणि बत्तीस मुलं. आधी आवाज नुसता गोंधळ होता, मग त्याला आपोआप ठेका आला. तिनं स्वतः सर्वात मोठं भगुणं घेतलं. त्यात सर्वात अशक्त मासे होते. मी तिच्यासमोर एक पातेलं घेऊन बसलो. माझा हात अर्ध्या तासात दुखायला लागला. तिचा चालूच.

"हे तुला कोणी शिकवलं?" मी विचारलं. खरं तर मला माफी मागायची होती. ती जमेना म्हणून हे विचारलं.

"बापानं," ती म्हणाली. हात न थांबवता, माझ्याकडे न पाहता सांगत गेली. "माहा बाप मासोयीचं बी आने. धामणगावच्या टेशनावर बंगालकडून गाडीनं ये. जिऱ्याएवढी पिलं, डोयाले दिसत नाई. दोन हंड्यांत टाकून एसटीच्या मागच्या शिटावर बसे. तिथून गावापर्यंत असंच, थापट, थापट. कंडक्टर म्हणे, काय रे तबला वाजवून राह्यला! एसटी बंद पडली तं बाप हंड्या कावडीले लावून पायी निंघे अन् मी बाजूनं चालता चालता हंडीत हात मारे. आठ वर्साची होती मी. एका पावसात बापाचा हात एवढा सुजला का भाकर मोडता येईना. तवा धामणगाव ते घर मी एकटीनं आनलं. बाप बाजूच्या शिटावर झोपला होता. झोपला तरी हात हालेच त्याचा."

"पिलं जगली?"

"तळ्यात सोडली तं असा ढग झाला पान्यात," ती म्हणाली. "काया ढग. अन् मंग तो ढग निंघून गेला."

मी तिच्या हाताकडे पाहत होतो. इतकी वर्षं त्या हातच्या भाकरी मी खाल्ल्या होत्या. मला वाटायचं या बाईला राजदीपनं काहीतरी नवीन शिकवलं. आता समजलं की राजदीप येण्याच्या चाळीस वर्षं आधी ती हेच करत होती, पाण्यात जीव धरून ठेवत होती. मी एवढी वर्षं जे जे शिवारात फवारलं ते पावसानं वाहून कोणत्या ओढ्यात, कोणत्या तळ्यात गेलं असेल, हा विचार माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आला. बापानं एवढ्या थापट्या मारून आणलेला तो ढग.

दुपारी दोनच्या सुमारास पुंडलिकराव आले. कोणीतरी त्यांना फोन केला होता. त्यांनी आधी पोतं पाहिलं. मग भांड्यांना बसलेली मुलं. आवारात थापट्यांशिवाय आवाज नव्हता.

"नलू, मी काय म्हणलो होतो?"

"मासे मेले तं हौद बुजवायचा म्हणले होते."

"कसं झालं हे?"

"माह्या माघारी झालं," ती म्हणाली. "पन हौद माहा, जिम्मा माहा."

ती माझं नाव घेणार नव्हती. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मुलंही खाली मान घालून थापटत होती, खुशीसुद्धा. मी उठलो. पाय बधिर झाले होते, धडपडलो.

"मी फवारलं," मी म्हणालो. "घरचा पंप आणून."

पुंडलिकरावांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही, सदाशिवराव? चाळीस वर्षं शेती केलेला माणूस?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

ते पोत्याकडे पुन्हा पाहून म्हणाले, "तरी शब्द म्हणजे शब्द. हौद बुजवावा लागेल."

"बुजवा," नलूबाई म्हणाली. तिचा हात चालूच होता. "उद्या भाजी बंद होईन, पुन्हा आलू. होऊ द्या. पन मेले त्याइचं तुमी सांगतलं, जित्ते हायेत त्याइचं काय करू थे सांगा. याइले कुठी ठेवू? तुमच्या अंगनात ठेवू का कढईत ठेवू?"

पुंडलिकरावांचा हात माळेकडे गेला.

"सांगा ना सावकाश," ती म्हणाली. "तवरोक इकडे हात द्या. सकायपासून लेकराइच्या पोटात कन नाई. मले भाकरी टाकायच्या हायेत."

"मी?"

"मंग कोन? जीव वाचवाची हौस कोनाले हाय? मले का तुमाले?"

एक मुलगी फिसकन हसली आणि तिनं तोंड दाबलं. पुंडलिकरावांनी चपला काढल्या, सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर सारल्या आणि भगुण्यापुढे मांडी घातली. पाण्याला हात लावण्याआधी क्षणभर थांबले. मासा बोटाला लागला असावा, कारण ते दचकले. पण त्यांचा हात सुरू झाला, मग तिचा थांबला.

"अशानं मरतीन थे," ती उठता उठता म्हणाली. "निजवून राह्यले का त्याइले? जरा जोरात."

त्यांनी जोरात मारलं. पाणी तोंडावर उडालं. मुलं आता उघड हसली. ते रागावले नाहीत.

नलूबाईनं बत्तीस मुलांच्या आणि आमच्या भाकरी टाकल्या, पिठलं केलं, आळीपाळीनं मुलांना जेवू घातलं. पुंडलिकरावांना दुसरा माणूस देतो असं मी तीनदा म्हणालो. ते म्हणाले, "राहू द्या." ते पाणीसुद्धा डाव्या हातानं प्यायले. चारच्या सुमाराला पोत्यावर मासे टाकायचं थांबलं. कोणी म्हणालं नाही, पण सगळ्यांच्या लक्षात आलं.

मधल्या वेळात नलूबाईनं फवारलेली डोणी उपटून काढली. चवळी, पालक, सगळं. बकऱ्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खड्डा करून पुरलं. मेलेले मासेही वेगळ्या खड्ड्यात गेले, तिथे पुंडलिकरावांनी मुलाकरवी तुळशीचं पान टाकायला लावलं. दुसऱ्या डोणीची गिट्टी मात्र तिनं कोणाला हात लावू दिली नाही. नुसत्या पाण्यानं खळबळून ती ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. "इरजण हाय," एवढंच म्हणाली. हौद राहील की नाही तेच ठरलं नव्हतं.

ऊन उतरलं. जाळीची सावली लांब झाली. बाकीच्या भांड्यांतले मासे तळाशी जाऊन शांत झाले होते. तिथल्या मुलांना तिनं उठवलं, आता घडीघडीनं मारा म्हणाली. भगुणं तेवढं चालू होतं. पुंडलिकरावांचा हात भिजून पांढरा पडला होता, बोटांना सुरकुत्या आल्या होत्या.

"सदाशिवराव," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सकाळी माझ्या मळ्यातून दोन गडी पाठवतो. आणि विहिरीवरून एक टँकर."

नलूबाई दारात भांडी घासत होती. तिचा हात थांबला. "बुजवाले पाठवून राह्यले का, दादा?"

"धुवायला."

तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं. मग येऊन त्यांच्याशेजारी उकिडवी बसली आणि भगुण्यात वाकून पाहिलं.

"आता सोडा," ती म्हणाली. "बसले थे खाली. झोपून राह्यले."

पुंडलिकरावांनी आत पाहिलं. मासे तळाला एका रांगेत होते, कल्ले हळू हलत होते.

"डोळे तर उघडे आहेत," ते म्हणाले.

"त्याइले पापन्या नसते. तसेच झोपते."

"मग आपल्याला समजायचं कसं?"

"हात काढून पाहा."

पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. हात थोडा वर उचलला. मासे हलले नाहीत. त्यांनी हात पुन्हा पाण्यावर आणला आणि आणखी थोडा वेळ, अगदी हळू, थापटत राहिले. आता त्यांना जोरात मारा असं नलूबाई म्हणाली नाही.